१९३९ चा रुपया: किती द्यायचे आणि कुठे थांबायचं

आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलं आहे: "मी सहाव्या जॉर्जचे रुपये जमवतो. चांदीचे १९३८ आणि १९४० ते १९४५, शिवाय १९४७ चा वाघवाला निकेलचा, असे सगळे आहेत. फक्त १९३९ चा नाही. आता शेजारच्या गावात एका आजोबांच्या संदुकीत तो निघाला. ते ऐंशी हजार म्हणतात. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने फोनवर 'पाहून सांगू, पन्नासपर्यंत' म्हटलं. आजोबांचा नातू मोबाइलवर दहा लाखांचा व्हिडिओ दाखवतो. कापसाचे पैसे हातात आहेत. किती द्यावे?"

गुरुजी, ऐंशी देऊ नका, एवढं आत्ताच सांगतो. नेमके किती द्या, हे नाणं न पाहता सांगणारा माणूस एक तर खोटा असतो, नाहीतर त्याला ते नाणं स्वतःलाच हवं असतं. पण तो आकडा घरी बसून कसा काढायचा, ते सांगता येतं. मी स्वतः तो पस्तीस वर्षं काढत आलोय आणि त्यात दोनदा चांगलाच चुकलोय.

आधी दहा लाखांचा निकाल लावू. व्हिडिओतली किंमत ही कुणी दिलेली नसते, कुणी तरी बोललेली असते. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणणारे हेच लोक. पुढे 'नोंदणी फी' मागतात आणि फी गेली की फोन बंद. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढावी लागली, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने ते मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. ही सूचना आजोबांच्या नातवाला दाखवा. व्यवहारासाठी नव्हे, पोरगं उद्या फीचे पैसे भरून बसू नये म्हणून.

आता बाजारातल्या खऱ्या भावाकडे. कुठल्याही चांदीच्या रुपयाला एक तळ असतो, त्याला आपण मोडीचा भाव म्हणतो. १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख असेल तर रुपयात १,०६९ रुपयांची चांदी; दीड लाख असेल तर दीडपट. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम, म्हणून त्यांचा तळही जवळपास निम्मा. साध्या राणीछाप किंवा पंचम जॉर्जच्या झिजलेल्या रुपयाचा भाव आजकाल याच तळाला चिकटून असतो. चांदी वाढली की आमच्याकडे आजीच्या गाठल्यातले रुपये थेट सराफाच्या मुशीत जातात, वर्ष पाहायची तसदीही कुणी घेत नाही. १९३९ चे किती असे आटले असतील, देव जाणे.

१९३९ ला मात्र हा तळ लागू नाही. दुसरं महायुद्ध पेटलं, लोकांनी चांदीचे रुपये घरात दाबायला सुरुवात केली आणि १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. जुन्या कसाचे १९३९ चे रुपये लोकांच्या हातात फार थोडे आले. गंमत म्हणजे त्याच वर्षाची अधेली, म्हणजे अर्ध्या रुपयाचं नाणं, सहज मिळते. "माझ्याकडे १९३९ आहे" म्हणणाऱ्या दहातल्या निम्म्यांकडे ती अधेलीच निघते, तेव्हा आधी आकार पाहा. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर असतो.

जुनं म्हणजे महाग, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. हा रुपया टांकसाळीतून निघाला त्याच १९३९ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे त्यातून कळले, वा. वि. मिराशींनी त्यावर लिहिलं. इतिहासाच्या दृष्टीने त्या ठेव्यापुढे आपला रुपया काहीच नाही. पण सातवाहनांचं साधं, झिजलेलं पोटीनचं, म्हणजे हलक्या मिश्रधातूचं नाणं आजही तुमच्या या रुपयापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं. भाव वयाचा नसतो. किती नाणी उरली आणि किती जण मागतात, त्याचा असतो. सहाव्या जॉर्जची मालिका पुरी करणारे देशभर आहेत आणि प्रत्येकाचं घोडं १९३९ वरच अडतं. म्हणून त्याला एवढा भाव आहे आणि म्हणूनच त्याच्या इतक्या नकला आहेत.

नकलेचा प्रश्न सुटल्याशिवाय पैशाचं बोलणंच काढू नका. या वर्षाच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. पहिली ओतीव नक्कल. अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेवर कुठेतरी जोडाची रेघ. ही भिंगाखाली लगेच पकडली जाते. दुसरी, चाळीसच्या दशकातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं वर्ष बदललेली. हिची कड पाहायची. युद्धकाळातल्या रुपयांना नकली टाळायला कडेच्या मध्ये खाच दिलेली असते. १९३९ ला साधे उभे दाते असतात. तिसरी सगळ्यात वाईट, म्हणजे १९३८ च्या आठाचा नऊ केलेला. चांदी खरी, वजन खरं, कड खरी, राजा खरा. फक्त एक आकडा खोटा. त्यासाठी दहापट भिंग आणि शेजारी तुमचाच १९३८ ठेवा. नऊच्या खालच्या वळणाभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बाकी जमिनीपेक्षा वेगळी चमकते का, तिथे बारीक ओरखडे आहेत का, आकड्याची उंची आधीच्या तीनइतकीच आहे का, हे पाहा. जरा जरी मन खाल्लं तर उठून या. चहा घेऊन उठा, पण उठा.

दुसऱ्या तऱ्हेसाठी पाण्याची परीक्षाही आहे. शाळेत विज्ञान शिकवत असाल तर पोरांनाही दाखवता येईल. दोन दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर १.१३ च्या आसपास आकडा आला तर चांदी जुन्या कसाची आहे. १.२२ आला तर निम्म्या चांदीचा रुपया आहे. नाण्याला यात काही होत नाही. बाहेर काढून मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. रुपया फार झिजलेला असेल तर कोरडं वजन थोडं कमी भरेल, त्याच प्रमाणात हाही आकडा थोडा कमी येईल. चुंबक लावून काय होतं असं विचारणारे खूप असतात. चुंबकाने फक्त लोखंड किंवा निकेल कळतं, चांदीचा कस नाही.

नाणं खरं निघालं, आता प्रत, म्हणजे ते किती चांगल्या अवस्थेत राहिलंय ते. इथे आपल्या भागातल्या घरांची एक खास अडचण आहे. लक्ष्मीपूजनाला रुपये चिंच-राखेने घासायची पद्धत अजून गावोगाव आहे. ज्या घरी हे रुपये पूजेत असतात, त्या घरचं नाणं पन्नास-साठ दिवाळ्यांत घासलं गेलेलं असतं. ते चमकतं, मालकाला ते 'नवंकोरं' वाटतं, पण भिंगाखाली बारीक बारीक रेघांचं जाळं दिसतं. जाणकार गिऱ्हाईक अशा नाण्याला तितक्याच झिजलेल्या, पण न घासलेल्या नाण्याच्या निम्म्यानेही मागतो. गाठल्यात ओवलेल्या रुपयाला कडी जोडताना लावलेला झाळ असतो. कडी काढली तरी वरच्या कडेला तो डाग राहतोच. तसं असेल तर ऐंशी हजारांवर बोलणंच नको. मुकुटावरचे मणी, राजाची भुवई आणि कानाजवळचे केस पाहा. झीज आधी तिथे दिसते. काळपट थर असेल तर आनंद माना आणि आजोबांना हात जोडून सांगा, की आता घासू नका.

माझी पहिली मोठी चूक इथलीच आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया तुम्हाला माहीत असेलच. राजाच्या अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसू लागला आणि बोभाटा झाला. नव्वद लाखांहून जास्त पाडले होते, पण बाजारात आले सुमारे सात लाख. बाकीचे परत वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त झाला. पुलगावच्या बाजारात मला तो एका फिरत्या व्यापाऱ्याकडे दिसला. तेव्हा माझी नोकरी नवी होती आणि त्या रुपयाचं मला वेड होतं. तो म्हणाला, "भाऊ, मांगे दोन जन पाहून गेले, आता तुमी पाहा." झालं. त्या दोन न दिसलेल्या माणसांशी मी मनातल्या मनात बोली लावली आणि चालू भावाच्या जवळपास तिप्पट देऊन आलो. चार वर्षांनी घरी दवाखाना निघाला. नाणं घेऊन नागपूरला इतवारीत गेलो तर समोरच्याने भिंग लावलं, "घासलेलं आहे" म्हणून बाजूला ठेवलं आणि मी दिल्याच्या पाव रक्कम सांगितली. मी ती घेतली. दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून मी कुठल्याही नाण्याचे दोन आकडे कागदावर वेगळे लिहितो. एक, उद्या मला हे विकावंच लागलं तर हातात किती येतील. दुसरा, हे माझ्याकडे असावं म्हणून मी यापेक्षा जास्त किती द्यायला तयार आहे. दुसऱ्याला मी सरळ हौस म्हणतो. हौसेत वाईट काही नाही. आपण पोळ्याला बैलाच्या झुलीवर खर्च करतो, तो काय परत मिळवायला? पण हौस किती आणि नाणं किती, हे पैसे मोजण्याआधी कळलं पाहिजे. दोन्ही मिसळले की माणूस हौसेलाच गुंतवणूक म्हणायला लागतो.

पहिला आकडा काढायला लिलावांचे झालेले निकाल पाहा. मागितलेले भाव पाहू नका, पडलेले पाहा. मुंबई, अहमदाबाद, बंगळूरच्या लिलावांचे निकाल त्यांच्या याद्यांसकट पाहायला मिळतात. तुमच्या नाण्याच्या प्रतीचे, म्हणजे घासलेलं असेल तर घासलेल्याचेच, गेल्या दोन-तीन वर्षांतले तीन-चार निकाल काढा. अतिउत्तम नाण्याला मिळालेला विक्रम आपल्या झिजलेल्या नाण्याला लावणं ही नेहमीची चूक. आणि स्लॅबमधलं, म्हणजे एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांनी तपासून सीलबंद केलेलं नाणं आणि संदुकीतलं नाणं यांचा भाव एक नसतो, कारण स्लॅबमध्ये खरेपणाची जबाबदारी दुसऱ्याने घेतलेली असते. संदुकीतल्या नाण्यात ती तुमच्यावर.

आता एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे निव्वळ समजुतीसाठी आहेत, खरे तुम्ही शोधा. समजा तुमच्या प्रतीच्या तीन रुपयांवर हातोडा ५५, ६० आणि ६८ हजारांवर पडला. मधला धरा, ६०. घेणाऱ्याने त्यावर कमिशन आणि जीएसटी मिळून जास्तच दिले, पण ते विकणाऱ्याला मिळाले नाहीत. उलट त्याच्या ६० मधूनही कमिशन कापलं जातं. ते दहा टक्के धरलं तर हातात ५४. नाणं पाठवायचा खर्च, तीन-चार महिन्यांची वाट आणि 'हे मूळ नाही' म्हणून परत यायचा धोका, यांचे चार हजार कापा. राहिले ५०. तुमच्या नागपूरच्या व्यापाऱ्यानेही पन्नासपर्यंतच म्हटलंय, पण त्यावर विसंबू नका. फोनवरचं 'पर्यंत' काउंटरवर पोचेपर्यंत बरंच खाली येतं. तरी परतीचा आकडा ५० धरू. आता हौस. मालिकेतलं शेवटचं नाणं आहे, रोज अल्बम उघडला की ती रिकामी जागा दिसते. तुमच्या पगाराच्या माणसाने त्यासाठी आठ-दहा हजार सोडले तर मी वेड्यात काढणार नाही. म्हणजे थांबायची जागा ६०. या हिशेबात आजोबांचे ऐंशी बसत नाहीत. हौस तीस हजारांची आहे असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने, वहिनींसमोर म्हणू शकत असाल, तर मात्र माझी हरकत नाही.

ती रक्कम कापसाच्या पैशातून असेल तर पहिला आकडा आणखी खाली येतो. मिरग लागायच्या आधी बियाणं आणि खताला पैसे कमी पडले आणि नाणं विकायला काढावं लागलं, तर लिलावाची वाट पाहता येत नाही. जो रोख देतो त्याच्याकडे जावं लागतं, आणि रोख देणाऱ्याला तुमची घाई चेहऱ्यावर दिसते. म्हणून पेरणीचे पैसे वेगळे काढा आणि उरलेल्यातून हिशेब करा.

माझी दुसरी चूक उलटी आहे. काटोलकडे एका घरी नागपूरकर भोसल्यांचा एक रुपया मिळत होता. त्यावर टांकसाळीची खूण अशी स्पष्ट होती, तशी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मालक माझ्या आकड्याच्या थोडा वर होता. मी शिस्तीने उठलो. आठ दिवसांनी गेलो तर नाणं गेलेलं. शिस्त बरोबर होती, जागा चुकीची होती. भोसल्यांचे रुपये हाताने ठोकलेले, प्रत्येक वेगळा. तशी ठेवण पुन्हा हाती लागेलच असं नसतं. तिथे हौसेचा आकडा ताणायला हवा होता. तुमचा १९३९ यंत्रावर पाडलेला आहे. दुर्मीळ आहे, पण लिलावात तो पुन्हा पुन्हा येतो. ही गाडी चुकली तर पुढची आहे, म्हणून इथे ताणायचं कारण नाही.

घासाघीस कशी करायची, हेही तुम्ही विचारलं असतंच. आजोबांना फसवायचं नाही आणि त्यांना 'हे काही खास नाही' असं म्हणायचं नाही. गावात उद्या तोंड दाखवायचं असतं. शिवाय खोटं बोलून कमी केलेला भाव व्हिडिओवाल्या नातवासमोर टिकत नाही. लिलावाचे निकाल छापून घेऊन जा, त्यांच्यासमोर ठेवा. असं बोला: "आजोबा, हा रुपया खरा आहे, दुर्मीळ आहे. लिलावात टाकला तर तुमच्या हातात इतके येतील, चार महिने लागतील. मी आज रोख इतके देतो." दोन्ही वाटा खऱ्या असल्या की माणूस शांतपणे विचार करतो. मला एका आजींनी एकदा असं ऐकून घेऊन म्हटलं, "मंग तू घे, मले लिलाव गिलाव नाई समजत." आणि एका काकांनी म्हटलं, "मंग मी लिलावातच टाकतो." तेही ठीकच झालं, त्या लिलावात मी बोली लावली आणि हरलो.

तुमचे खरे आकडेही या हिशेबासारखेच निघाले तर पन्नासला सुरुवात करा, हजार-हजाराने न वाढवता दोनदाच वाढवा आणि साठला थांबा. पावती लिहून घ्या: तारीख, वर्ष, वजन, रक्कम आणि दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून द्या. नाणं संदुकीत वाडवडिलांपासून आहे, हेही त्यात लिहून घ्या. शेतात किंवा जुनं घर पाडताना मडक्यात निघालेलं असेल तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असं नाणं कितीही हवंसं वाटलं तरी मी हात लावत नाही. शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तूंच्या कायद्यात येतात. तुमचा १९३९ अजून त्यात येत नाही.

जाण्याआधी कडेचा, वर्षाच्या आकड्याचा आणि मुकुटाचा असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढून मला पाठवा. स्वतःचा १९३८ सोबत न्यायला विसरू नका, आणि तो डॉटवाला, म्हणजे वर्षाच्या बाजूला बारीक ठिपका असलेला, आहे की विनाडॉट, तेही बघून ठेवा. काटा नसेल तर माझा घेऊन जा. शनिवारी मी पुलगावलाच आहे.